खुनी कोण ते राहू द्या, कॅमेरा कुठे होता ते सांगा

गेल्या अंकात रहस्यपटांवरचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं आणि मेल भरपूर आले, आणि निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार एकच: पिक्चर संपला पण उत्तर मिळालंच नाही, तो असं का वागला तेही कळलं नाही, मग आम्ही बसलो कशाला. तक्रार खरी आहे आणि मला ती आवडते, कारण ज्याने पिक्चर मन लावून बघितलाय तोच असा चिडतो. एक आधीच सांगून ठेवते, खाली बहुतेक पिक्चरचे शेवट उघड केलेत, त्याशिवाय बोलताच येत नाही, तेव्हा जो बघायचा राहिलाय त्याचा प्रश्न सोडून पुढे जा.

ताई, मी आणि नवऱ्याने ‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ बघितला. तो म्हणतो तिनेच ढकललं, मी म्हणते त्याने उडी मारली, अजून मिटलेलं नाही. निदान डिरेक्टरला तरी खरं काय ते माहीत होतं का?
*एक वाचक, पुणे*

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. जस्टिन त्रिए या बाईंनी हा पिक्चर त्यांचे जोडीदार आर्थर अरारी यांच्यासोबत लिहिला, २०२३ मध्ये कान महोत्सवात पाल्म दोर हे तिथलं सर्वात मोठं बक्षीस मिळालं आणि पुढच्या वर्षी पटकथेचं ऑस्कर. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या सांड्राचं काम करणाऱ्या सांड्रा ह्युलरने त्यांना सरळ विचारलं होतं की बाई, मी मारलंय का नाही ते तरी सांगा, तर उत्तर एवढंच मिळालं की तू निर्दोष आहेस असं धरून काम कर. आता बघा, खरोखर निर्दोष असलेली बाई आणि आपण निर्दोष आहोत असं सगळ्यांना पटवून देणारी बाई, दोघी बाहेरून अगदी सारख्याच दिसणार ना? त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर पुरावा शोधून काही हाती लागत नाही, तुम्ही दोघं कितीही वेळा पॉज करून बघा.

त्यापेक्षा तो माणूस पडला त्या वेळी कॅमेरा कुठे होता ते आठवा. वर माळ्यावर नवरा कान किटेल एवढ्या आवाजात एकच गाणं परत परत लावून बसलाय, खाली सांड्राची मुलाखत चाललीय ती त्या आवाजामुळे अर्धवट सुटते, आणि मुलगा दॅनियल, ज्याला जेमतेम दिसतं, तो कुत्र्याला घेऊन फिरायला निघतो. कॅमेरा घरात थांबत नाही, तो पोराबरोबर बर्फात बाहेर पडतो. परत येतो तेव्हा बाप खाली पडलेला. म्हणजे जेवढं दॅनियलला कळू शकतं साधारण तेवढंच आपल्याला, आणि त्याला तर आपल्यापेक्षाही कमी दिसतं. हे एकदा लक्षात आलं की पिक्चरने आपल्यापासून काही लपवलं असं मला म्हणवत नाही, त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय की मी या मुलाबरोबर आहे, आईबरोबर नाही.

मग कोर्टातला तो रेकॉर्डिंगचा भाग आठवा, नवरा-बायकोचं आदल्या दिवशीचं भांडण नवऱ्यानेच गुपचूप टेप केलेलं असतं. आवाज सुरू होतो आणि आपण थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जातो, दोघं समोर दिसतात, शब्दाला शब्द वाढत जातो, आणि जिथे हात उचलला जाणार तिथे चित्र बंद, आपण परत कोर्टात, फक्त काच फुटल्याचा आणि मारल्याचा आवाज. कोणी कोणाला मारलं हे सगळ्या कोर्टाला अंदाजानेच ठरवावं लागतं. आणि शेवटी दॅनियल साक्ष देतो की बाबा गाडीत मला कुत्र्याबद्दल बोलले होते, तो कधीतरी जाणार, तू तयार राहा, आणि आता मला वाटतं ते स्वतःबद्दल बोलत होते. त्या सीनमध्ये बापाचे ओठ हलतात पण आवाज दॅनियलचा येतो. ही आठवण आहे का तयार केलेली गोष्ट आहे? पिक्चर एवढंच दाखवतो की शब्द मुलाच्या तोंडचे आहेत.

म्हणून मला विचाराल तर तुमचं भांडण चुकीच्या माणसावरून चाललंय. ज्याच्या हेतूवर डोकं खपवावं असा माणूस या पिक्चरमध्ये दॅनियल आहे. त्याने साक्षीआधी कुत्र्याला अॅस्पिरिन खायला घालून बघितलं, बाबांनी पूर्वी गोळ्या घेतल्या होत्या का हे पडताळायला, म्हणजे पोरगा स्वतःच्या पातळीवर तपास करतोय. आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कोर्टाने नेमलेली बाई, मार्ज, त्याला सांगते की जेव्हा कळायला मार्गच नसतो आणि संशय सहनही होत नाही तेव्हा माणसाला ठरवावं लागतं. त्याने ठरवलं. पटलं म्हणून ठरवलं का आई जवळ राहावी म्हणून, हे बहुतेक त्यालाही सांगता येणार नाही, आणि हे त्या लहान मुलावर येऊन पडलं याचं मला अजून वाईट वाटतं. सांड्रा तर पहिल्याच भेटीत वकिलाला म्हणते की मी मारलेलं नाही, आणि वकील म्हणतो मुद्दा तो नाहीये. ते वाक्य नवऱ्याला परत ऐकवा.

‘द बिग स्लीप’मध्ये त्या ड्रायव्हरला कोणी मारलं? दोनदा बघितला, सापडत नाही.
*एक वाचक, नाशिक*

सापडणार नाही. हॉवर्ड हॉक्सचा हा पिक्चर १९४६ चा, रेमंड चँडलरच्या १९३९ च्या कादंबरीवरचा, आणि शूटिंग चालू असताना सेटवर हाच वाद झाला की तो ड्रायव्हर, ओवेन टेलर, गाडीसकट समुद्रात गेला तो खून का आत्महत्या. शेवटी चँडलरला तार करून विचारलं, तर चँडलरने कळवलं की मलाही माहीत नाही. हे त्याने पुढे एका पत्रात स्वतःच लिहून ठेवलंय.

यात एक मजेची गोष्ट आहे जी फारशी कोणी सांगत नाही. १९४५ मध्ये या पिक्चरची आधीची एक कॉपी परदेशी असलेल्या अमेरिकन सैनिकांना दाखवली गेली होती, आणि त्या कॉपीत पिक्चरचा नायक, डिटेक्टिव्ह मार्लो, सरकारी वकिलाच्या ऑफिसात बसून सगळं प्रकरण नीट समजावून सांगतो असा सीन होता. १९४६ ला थिएटरात लावताना तो काढला आणि त्याऐवजी बोगार्ट आणि बकॉल या नायक-नायिकेचे एकमेकांना टोमणे मारणारे सीन वाढवले. म्हणजे खुलासा हातात होता तो टाकून दिला आणि पिक्चर त्यामुळेच टिकला. आपण पूर्ण वेळ मार्लोच्या मागे मागे फिरतो, तो ज्या दारातून आत जातो त्याच दारातून आपण, आणि तोही ठेचकाळत चाललाय, त्यामुळे एक धागा सुटला तरी फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. मी त्या ड्रायव्हरचा विचार सोडून दिलाय, तुम्हीही सोडा.

दिग्दर्शक मुद्दाम अर्धवट ठेवतोय का त्यालाच सुचलं नाही हे आमच्यासारख्या साध्या प्रेक्षकाने ओळखायचं कसं? प्रत्येक वेळी “ते तुमच्यावर सोडलंय” म्हणतात, मग तिकीट कशाला घ्यायचं?
*एक निवृत्त शिक्षक, सातारा*

सर, या सगळ्या ढिगातला मला सर्वात आवडलेला प्रश्न तुमचा. तिकिटाचं म्हणणं अगदी रास्त आहे. बरेच जण शेवट लिहिता येत नाही म्हणून सोडून देतात आणि वर त्याला खोली म्हणतात, मला ते अजिबात चालत नाही.

एकाच वर्षातले दोन पिक्चर घ्या, दोन्ही १९५० चे. हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये सुरुवातीलाच एक तरुण आपल्या मैत्रिणीला गाडीत सांगतो की खून त्या नटीने केला आणि मी नुसता तिला मदत करायला गेलो, आणि आपल्याला ते सगळं फ्लॅशबॅकमध्ये दिसतं, रक्ताचा डाग पडलेला ड्रेस वगैरे सकट. शेवटी कळतं की ते सगळं खोटं होतं, खून त्यानेच केला. लोक चिडले. आणि हिचकॉकनेही पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना कबूल केलं की खोटा फ्लॅशबॅक दाखवणं ही आपण करायला नको होती अशी गोष्ट होती. आता त्याच वर्षी जपानमध्ये कुरोसावाने ‘राशोमोन’ केला, त्यात एका सामुराईच्या खुनाचे एक नाही चार फ्लॅशबॅक, चारही एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे निदान तीन तरी खोटे, कदाचित चारही, आणि तो पिक्चर पुढच्या वर्षी व्हेनिसला सर्वात मोठं बक्षीस घेऊन आला आणि आजपर्यंत फसवलं म्हणून कोणी ओरडलेलं मी ऐकलं नाही. असं का झालं?

मला उत्तर हे वाटतं. ‘स्टेज फ्राइट’मध्ये कॅमेरा त्या तरुणाचं म्हणणं स्वतःचं म्हणणं असल्यासारखं मांडतो, आपल्याला सावध व्हायला कुठे जागाच देत नाही. ‘राशोमोन’मध्ये कोर्टातल्या प्रत्येक साक्षीच्या आधी आणि नंतर सांगणारा माणूस अंगणात बसलेला दिसतो, मागे पांढरी भिंत, तो सरळ आपल्याकडे बघून बोलतो, आणि प्रश्न विचारणारा न्यायाधीश पूर्ण पिक्चरमध्ये एकदाही दिसत नाही, त्याचा आवाजसुद्धा नाही. ती जागा आपली आहे. कॅमेऱ्याने आपल्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवलं आणि सांगितलं की हे लोक काय म्हणतात ते ऐक. मग खोटं बोलतो तो साक्षीदार, पिक्चर नाही.

आणि हेतूंचं बघाल तर तिथे अजून गंमत आहे. नेहमी रहस्यपटात प्रत्येक जण मी नाही केलं म्हणतो, इथे उलटं, दरोडेखोर ताजोमारू म्हणतो मीच मारला आणि ते पण शौर्याने लढून, बायको म्हणते मी शुद्ध हरपले आणि जाग आली तेव्हा माझा खंजीर त्याच्या छातीत होता, आणि मेलेला सामुराई, तो एका अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून बोलतो, म्हणतो मी स्वतःच जीव दिला. गुन्हा सगळ्यांना कबूल आहे, फक्त त्यात आपण कमी दिसू नये एवढीच प्रत्येकाची धडपड. मेलेला माणूससुद्धा आपली इज्जत सांभाळून बोलतोय हे मला पहिल्यांदा बघताना खूप लागलं होतं.

मूळ गोष्ट आकुतागावाची, १९२२ ची, ती साक्षी देऊन तिथेच संपते. पावसातलं ते पडकं वेशीचं दार त्याच्याच दुसऱ्या एका गोष्टीतून आलं, आणि ज्याला प्रेत सापडलं त्या लाकूडतोड्याने स्वतः बघितल्याचा जो चौथा भाग आहे तो कुरोसावाने जोडला. त्यात दोघं शूरवीर थरथरत लढतात, हातातून तलवारी निसटतात, पळत काय सुटतात, पडत काय राहतात. आपल्याला वाटतं चला, याला काही स्वार्थ नाही, हे तरी खरं. आणि मग त्या दारात बसलेला तिसरा माणूस विचारतो की शिंपल्याच्या नक्षीचा तो खंजीर गेला कुठे? लाकूडतोड्या गप्प बसतो. झालं, त्याच्याही गोष्टीत लपवण्यासारखं काही आहे.

तेव्हा सर, माझी परीक्षा साधी आहे, लिहून ठेवा वाटलं तर. जो प्रश्न सुटला नाही त्या क्षणी कॅमेरा कोणाबरोबर होता? ज्याच्याबरोबर होता त्यालाच माहीत नसेल तर आपल्यालाही नसणं ठीक आहे. त्याला सगळं माहीत आहे, आपण त्याच्या डोक्यात बसलोय आणि तरी शेवटपर्यंत मुद्दाम आपल्यापासून झाकून ठेवलंय, तर तिकिटाचे पैसे परत मागा.

सरांच्या सारखाच प्रश्न पण ‘कौन’बद्दल. उर्मिला खुनी निघते ठीक आहे, पण का? शेवटपर्यंत कारणच दिलं नाही. आणि एकटी असतानाही ती घाबरलेली दाखवलीय, ही चीटिंग नाही का?
*एक कॉलेज विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर*

तुझा मुद्दा पक्का आहे, आणि मी वर दिलेली परीक्षा लावली तर ‘कौन’ अगदी काठावर येऊन उभा राहतो. राम गोपाल वर्माचा १९९९ चा पिक्चर, लिहिला अनुराग कश्यपने, एक घर, बाहेर पाऊस, टीव्हीवर बातमी की शहरात सीरियल किलर फिरतोय, आत उर्मिला मातोंडकर एकटी, आणि दारात मनोज वाजपेयी सारखी बेल वाजवतोय. गाणं एकही नाही. कॅमेरा पूर्ण वेळ तिच्याबरोबर, तिच्या मागून जिन्यावरून चढणारा, तिच्या खांद्यावरून दाराच्या भिंगातून बघणारा. आणि शेवटी कळतं मारणारी तीच.

आता विचार कर, ती एकटी असताना दचकते ती कोणासाठी? बघणारं कोणी नाही. नाटक करायला प्रेक्षक लागतो. तेव्हा एकच शक्यता उरते की ती नाटक करत नाहीये, ती खरंच घाबरलीय. तिच्या डोक्यात बाहेरचा प्रत्येक माणूस तिला मारायलाच आलाय. असं धरून तू परत बघ, मग पहिल्या वेळी जे सीन तुला सस्पेन्ससाठी घातलेले वाटले ते आजारी माणसाचे सीन वाटायला लागतील, आणि ते जास्त भीतीदायक आहे. पिक्चरमध्ये तिला नावसुद्धा नाही, मागचं पुढचं काही नाही, लहानपणी असं झालं होतं वगैरे फ्लॅशबॅक नाही. ते कारण दिलं असतं तर आपण तिला एका खणात टाकून घरी गेलो असतो.

आपल्याकडच्या जुन्या रहस्यपटांची सवय वेगळी होती, हे पण धरायला पाहिजे. राजा परांजपेंचा १९६४ चा ‘पाठलाग’ घे, किंवा त्यावरूनच आलेला हिंदी ‘मेरा साया’. मेलेली बायको म्हणून जिचे अंत्यविधी केले तीच कोर्टात उभी राहून म्हणते मी तुमची बायको, केवढं जबरदस्त कोडं, पण शेवटी एकूण एक गाठ सोडून दाखवतात, प्रेक्षक समाधानाने उठतो. मला तेही आवडतात, मनापासून. पण तिथे का या प्रश्नाचं उत्तर गोष्टीत असतं, माणसात नाही.

‘मेमरीज ऑफ मर्डर’मधला खरा खुनी २०१९ ला सापडला असं वाचलं. मग आता त्या शेवटाला काही अर्थ राहिला का?
*एक वाचक, सोलापूर*

राहिला, आणि माझ्या मते वाढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दक्षिण कोरियात ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा बायकांचे खून झाले, आणि खुनी न सापडताच मुदत संपून प्रकरण बंद पडलं. बोंग जून-होने २००३ मध्ये त्यावर पिक्चर केला तेव्हाही कोणाला काही माहीत नव्हतं. कॅमेरा पूर्ण वेळ पोलिसांबरोबर. गावचा पोलीस पार्क, म्हणजे सोंग कांग-हो, म्हणतो मी डोळ्यात बघून गुन्हेगार ओळखतो. सोलहून आलेला सो म्हणतो कागदपत्रं कधी खोटं बोलत नाहीत.

सुरुवातीचा एक छोटासा सीन आहे तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पोलीस स्टेशनात दोन तरुण शेजारी शेजारी बसून काहीतरी लिहितायत. साहेब पार्कला म्हणतो, यातला एक बलात्कार करणारा आणि दुसरा त्या मुलीचा भाऊ, ज्याने त्याला पकडून आणला. डोळ्यात बघून ओळखतोस ना, मग सांग कोणता कोण. पार्क बघतो, कॅमेरा त्या दोघांवर थांबतो, आणि सीन कट. उत्तर नाही. मी दर वेळी तिथे थांबून एकेकाचा चेहरा बघते आणि दर वेळी मनात एकाला गुन्हेगार ठरवून टाकते. पूर्ण पिक्चर त्या अर्ध्या मिनिटात आहे. पुढे हेच पोलीस मतिमंद पोराला डोंगरात नेऊन खड्डा खणायला लावतात, बुटांचे खोटे ठसे उमटवतात, उलटं टांगतात, कबुलीजबाब पाठ करून घेतात, आणि शेवटी कागदावर विश्वास असलेला सो, अमेरिकेतून आलेला डीएनए रिपोर्ट जुळत नाही म्हटल्यावर, बोगद्याच्या तोंडाशी शेवटच्या संशयित तरुणावर पिस्तूल काढतो. पार्क त्या तरुणाच्या डोळ्यात बघतो आणि म्हणतो, मला नाही कळत.

आता खरं काय निघालं ते ऐका. २०१९ ला डीएनएवरून ली चुन-जे हा माणूस सापडला, तो मेहुणीच्या खुनासाठी १९९४ पासून तुरुंगातच होता. त्याने चौदा खून कबूल केले. त्यात तो आठवा खून पण आला ज्यासाठी पोलिसांनी दुसऱ्याच एका तरुणाला मारहाण करून कबुली घेतली होती आणि ज्याने वीस वर्षं तुरुंगात काढली, तो २०२० ला निर्दोष ठरला. म्हणजे बोंगने २००३ मध्ये खुनी कोण ते न कळता जे दाखवलं होतं, हाताशी लागेल त्याला गुन्हेगार करायची ती घाई, ते तर खऱ्या खुन्याच्या नावाइतकंच खरं निघालं. आणि ली चुन-जेने कोर्टात सांगितलं की आपण आधीच कसे पकडले गेलो नाही याचं आपल्यालाच आश्चर्य वाटलं, पिक्चर पण त्याने बघितला होता, त्याला त्यात काही वाटलं नाही म्हणे.

शेवटचा सीन आठवा, पार्क आता पोलीस नाही, ज्युसर वगैरे विकतो, जाता जाता पहिलं प्रेत सापडलेल्या त्याच मोरीत वाकून बघतो. एक छोटी मुलगी म्हणते, मागे अजून एक माणूस इथे असंच बघत होता, म्हणाला पूर्वी इथे काहीतरी केलं होतं ते आठवलं. दिसायला कसा होता? साधाच, म्हणते, कोणासारखाही. आणि पार्क मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघतो. बोंगला वाटत होतं की खुनी कधीतरी थिएटरात येऊन बसेल आणि त्या वेळी नट त्याच्या डोळ्यात बघेल. नाव कळलं म्हणून ती नजर काही कमी होत नाही, साधा चेहरा हेच तर खरं ठरलं.

मी पॅरिसला राहते. ‘काशे’ इथल्या फिल्म क्लबमध्ये बघितला. त्या व्हिडिओ कॅसेट कोण पाठवत होतं? तिथे प्रत्येकाचं मत वेगळं होतं.
*एक वाचक, पॅरिस*

मिशाएल हानेकेने ते कुठेच सांगितलेलं नाही, आणि मला नाही वाटत कोणा एका पात्राचं नाव तिथे नीट बसतं. बघा, पिक्चर सुरू होतो तोच जॉर्ज नावाच्या माणसाच्या घरावर रोखलेल्या स्थिर शॉटने, आपण बघत बसतो, मग दोघांचं बोलणं ऐकू येतं आणि चित्रावर रिवाइंडच्या रेघा येतात, तेव्हा कळतं की आपण पिक्चर नाही, ती कॅसेट बघत होतो. दोन्ही एकाच तऱ्हेच्या व्हिडिओवर चित्रित केलंय म्हणून फरक कळत नाही. नंतर तर जॉर्जला लहानपणापासून माहीत असलेल्या माजिदच्या खोलीतला तो भयंकर सीन ज्या कोनातून दिसतो तोच कोन आधीच्या कॅसेटमध्ये होता. इथे माझा नेहमीचा प्रश्न, कॅमेरा कोणाबरोबर आहे, तोच उलटून येतो, कारण इथे कॅमेरा हाच संशयित आहे.

पण ज्याचा हेतू खोदायचा तो माणूस जॉर्ज आहे. सहा वर्षांचा असताना त्याने माजिदबद्दल आईबापांना खोटं सांगितलं, की हा रक्त थुंकतो, मग कोंबडा कापायला लावून वर मला घाबरवतो म्हणून सांगितलं, आणि त्या अनाथ पोराला घरातून घालवलं. अनाथ का, तर माजिदचे आईबाप १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसमधल्या अल्जिरियन लोकांच्या मोर्चाला गेले आणि परत आले नाहीत. हे खरं घडलेलं आहे, तुम्ही तिथेच राहता, सेनच्या सां मिशेल पुलाजवळ पाटी पण आहे. पोलिसांनी किती माणसं मारली याचा आकडा सरकारने कित्येक वर्षं अगदी किरकोळ सांगितला.

सहा वर्षांच्या पोराला मी दोष देणार नाही. पण मोठा झालेला, टीव्हीवर पुस्तकांबद्दल बोलणारा जॉर्ज बायकोला म्हणतो मला एकावर संशय आहे आणि नाव सांगायला नकार देतो. का? शेवटपर्यंत तो एकदाही सॉरी म्हणत नाही. का? हे प्रश्न कॅसेट कोणाची यापेक्षा मला फार जड वाटतात, आणि फिल्म क्लबात सगळे कॅसेटवरच भांडले असतील तर जॉर्ज परत एकदा सुटला. शेवटचा शॉट शाळेच्या पायऱ्यांचा, त्यावरच नावं येतात म्हणून बरेच जण उठून जातात. डाव्या बाजूला खाली बघा, माजिदचा मुलगा आणि जॉर्जचा मुलगा बोलतायत, ऐकू काही येत नाही. दोघांनी मिळून केलं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, मला ती दोन मुलं बापांना जे जमलं नाही ते करताना दिसतात, निदान बोलतायत तरी. पण ओळख आधीची का आत्ताची, हे त्या शॉटवरून ठरवता येत नाही हे मान्य.

आम्ही मेलबर्नजवळ राहतो, ‘हँगिंग रॉक’ इथून तासाभरावर. ‘पिकनिक अॅट हँगिंग रॉक’मधल्या मुली खरंच हरवल्या होत्या का? आणि उत्तर एका पुस्तकात आहे म्हणतात ते खरं का?
*एक वाचक, ऑस्ट्रेलिया*

खऱ्या नाहीत. जोन लिंडसे यांची १९६७ ची कादंबरी, पीटर वीअरचा १९७५ चा पिक्चर, आणि दोघांनी ती इतकी खऱ्यासारखी मांडली की लोक अजून विचारतात. पिक्चरच्या सुरुवातीला येतं शनिवार, १४ फेब्रुवारी १९००. जुनं कॅलेंडर काढून बघा, तो दिवस बुधवार होता.

पुस्तकाचं खरं आहे. शेवटचं प्रकरण लिहिलेलं होतं, प्रकाशनाच्या वेळी ते काढलं, आणि लेखिका १९८४ ला गेल्यावर १९८७ मध्ये वेगळं छापलं गेलं. ते वाचून तुमचं समाधान होईल असं मला वाटत नाही, त्यात काळ थांबल्यासारखा काहीतरी चमत्कारिक प्रकार आहे, पण कोणी पळवलं कोणी मारलं असं काही नाही. मला विचाराल तर ते काढलं हे फार बरं केलं. मुली खडकाच्या आड जातात, मागे राहिलेली ईडिथ किंचाळत खाली पळते, आणि इथून पुढे आपण शाळेबरोबर राहतो, मागे राहिलेल्यांबरोबर. एक मुलगी, इर्मा, जिवंत सापडते, तिला काही आठवत नाही, आणि ती सापडली तेव्हा कॉर्सेट अंगावर नव्हतं हे मोलकरणीच्या लक्षात येतं, पण लाजेपायी ते पोलिसांपर्यंत जातच नाही. हे बघा, हातात आलेला एक धागा लाजेने गिळला. वीअर सांगतात की अमेरिकेतल्या एका वितरकाने शेवट झाल्यावर कॉफीचा कप पडद्यावर फेकून मारला होता, दोन तास वाया घालवले आणि उत्तर नाही म्हणून.

वीअरनी १९९८ मध्ये पिक्चर परत एडिट केला तेव्हा लोकांना वाटलं आता काहीतरी खुलासा जोडतील, तर त्यांनी उलट काही मिनिटं कापून टाकली. मिळाली तर ती कॉपी बघा, पण खडकावर जाणार असाल तर जाऊन आल्यावर बघा.